चौघांची मैफल म्हणजे काटछाट केलेला ऑर्केस्ट्रा नव्हे

मा. संपादक यांस,
सादर नमस्कार.

कालच्या अंकात रविवारच्या मैफलीचे, म्हणजे दोन व्हायोलिन, त्याहून थोडे मोठे व्हायोला आणि खर्जाचे चेलो वाजवणाऱ्या चौघा पाहुण्या वादकांच्या पाश्चात्त्य संगीताच्या मैफलीचे, जे वृत्त आले आहे, ते वाचून वाईट वाटले आणि रागही आला. मथळ्यात त्या चौघांना ‘मिनी ऑर्केस्ट्रा’ म्हटले आहे. पुढे मजकुरात, पूर्ण ऑर्केस्ट्रा आणणे खर्चाचे असल्यामुळे चारच वादकांवर भागवावे लागले, तरीही रसिकांनी भरभरून दाद दिली, असे लिहिले आहे. शेवटच्या परिच्छेदात ध्वनिव्यवस्था उत्कृष्ट असल्याचे प्रशस्तिपत्रही दिले आहे. मैफलीला मी हजर होते, तिसऱ्या रांगेत डाव्या बाजूला बसले होते, आणि या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत हे तुमच्या वाचकांसमोर मांडणे मला गरजेचे वाटते.

सिंफनी ऑर्केस्ट्रातले, म्हणजे पाश्चात्त्य संगीताच्या मोठ्या वाद्यवृंदातले, वादक आपली रोजची नोकरी सांभाळून असे चौघांचे किंवा आठजणांचे संच उभे करतात, ते पैसे वाचवण्यासाठी नव्हे. मोठ्या ऑर्केस्ट्रात पहिल्या व्हायोलिनच्या विभागात चौदा-सोळा जण एकच ओळ वाजवत असतात. गज वर कधी न्यायचा आणि खाली कधी आणायचा हे विभागप्रमुख ठरवतो, लय कंडक्टर ठरवतो, आणि चांगल्या वादकाचे कौशल्य आपला स्वर इतरांच्या स्वरात वेगळा कळू न देण्यात असते. चौघांच्या संचात हे सारे उलटे होते. प्रत्येक ओळीला एकच माणूस, समोर कंडक्टर नाही, आणि चूक झाली तर ती झाकायला शेजारी कोणी नाही. पहिल्या व्हायोलिनवादकाने सुरुवातीपूर्वी घेतलेला श्वास हाच बाकीच्या तिघांना इशारा असतो. रविवारी मी हे अगदी जवळून पाहिले. दुसरे व्हायोलिन वाजवणारा तरुण सबंध वेळ स्वतःच्या कागदाकडे कमी आणि चेलोवादकाच्या उजव्या मनगटाकडे जास्त पाहत होता. वर्षभर मोठ्या समूहात वाजवणाऱ्या माणसाला स्वतःचा स्वर पुन्हा ऐकायची जागा इथेच मिळते, आणि म्हणूनच जगातले नावाजलेले ऑर्केस्ट्रा आपल्या वादकांच्या अशा संचांचा अभिमान बाळगतात. जर्मनीतल्या लाइपझिगच्या गेवांडहाउस ऑर्केस्ट्रातील वादकांचा क्वार्टेट, म्हणजे चौघांचा संच, १८०८ साली सुरू झाला, तो आजही वाजवतो आहे. व्हिएन्नाच्या ऑपेरा ऑर्केस्ट्राचा प्रमुख व्हायोलिनवादक आर्नोल्ड रोझे याने स्वतःच्या नावाचा क्वार्टेट चालवला आणि ब्राम्ससारख्या संगीतकाराची रचना १८९० मध्ये प्रथम रसिकांपुढे आणली. बर्लिन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राच्या बारा चेलोवादकांनी १९७२ पासून केवळ चेलोंचा संच चालवला आहे. इतके दूर जायचे नसेल तर मुंबईचे व्हायोलिनवादक मेहली मेहता यांचे उदाहरण आहे. १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केल्यावर १९४० मध्ये त्यांनी बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेटही काढला. हाताशी ऑर्केस्ट्रा असताना क्वार्टेट काढणाऱ्या माणसाबद्दल ‘चौघांवर भागवले’ असे कोण म्हणेल?

आता ध्वनिव्यवस्थेविषयी, कारण हे पत्र लिहायला बसण्याचे खरे कारण तेच आहे.

व्यासपीठावर दोन माइक उभे केले होते, एक पहिल्या व्हायोलिनसमोर आणि एक चेलोसमोर. दुसरे व्हायोलिन आणि व्हायोला यांच्यासमोर काहीच नव्हते. सभागृह फार मोठे नाही, शेवटच्या रांगेतला माणूस खोकला तरी पुढे ऐकू येतो, त्यामुळे माइकची मुळात गरजच नव्हती. वादन सुरू होण्यापूर्वी व्हायोलावादक बाईंनी हात हलवून माइक काढून टाकण्याची विनंती केली, ती आम्ही पुढच्या रांगांतल्या सर्वांनी पाहिली. एक कार्यकर्ता लगबगीने वर गेला, त्याने माइकची मान जराशी वाकवली आणि तो खाली उतरला. बाईंनी चेलोवादकाकडे पाहिले, त्यांनी मान हलवली आणि वादन सुरू झाले. पाहुण्या कलावंताने याहून अधिक काय करायचे?

परिणाम काय झाला तो सांगते. रविवारी वाजवला तो अठराव्या शतकातल्या ऑस्ट्रियन संगीतकार हायडनचा क्वार्टेट; चौघांसाठी बांधलेल्या रचनेलाही क्वार्टेटच म्हणतात. त्याच्या दुसऱ्या भागात एक साधी, शांत धून आहे. ती आधी पहिल्या व्हायोलिनवर येते आणि मग एकेका वाद्याकडे सोपवली जाते. प्रथम दुसरे व्हायोलिन, मग चेलो, मग व्हायोला, आणि शेवटी पुन्हा पहिले व्हायोलिन. धून बदलत नाही, तिच्याभोवतीचे काम बदलते. ऑर्केस्ट्रात एरवी फारसे पुढे न येणाऱ्या वाद्यांना इथे मानाची जागा मिळते, आणि क्वार्टेट म्हणजे काय हे नव्या श्रोत्याला समजावून द्यायला याहून चांगला नमुना मिळणार नाही. रविवारी दुसऱ्या व्हायोलिनची पाळी आली तेव्हा लाऊडस्पीकरमधून पहिल्या व्हायोलिनच्या जलद सुरावटीच तेवढ्या कानांवर आदळत राहिल्या. त्या सुरावटी धुनीच्या सोबतीला असतात, पण इथे धूनच त्यांच्याखाली गाडली गेली. चेलोची पाळी आली तेव्हा भिंतीवरचे खोके घुमू लागले. आणि व्हायोलाच्या पाळीला तर मला त्या बाईंचा गज तारांवर फिरताना दिसत होता, त्यांनी मिटलेले डोळे दिसत होते, पण धून म्हणून काही कानावर येत नव्हते. संपूर्ण रचनेत व्हायोलाला मिळणारी ती सर्वांत सुंदर जागा आमच्या शहरातल्या श्रोत्यांनी ऐकलीच नाही, आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या वार्ताहरांनी ध्वनिव्यवस्था उत्कृष्ट असल्याचे लिहिले.

मी स्वतः तरुणपणी इथल्या संगीत महाविद्यालयात व्हायोलिन शिकले आहे, साथही पुष्कळ केली आहे, त्यामुळे आपला स्वर पुढे पोहोचत नाही हे कळत असूनही वाजवत राहणे म्हणजे काय असते हे मला ठाऊक आहे. या मैफलीची जातकुळी आपल्या घरगुती बैठकीची आहे. बैठकीत गवयाच्या दोन हातांवर बसून ऐकताना तानपुऱ्याची तार कुठे जराशी उतरली तेही कळते, आणि तेच ऐकायला आपण जातो. हे वडोदऱ्यातल्या लोकांना समजावून सांगावे लागू नये. महाराज सयाजीरावांनी १८८६ मध्ये मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली ती याच शहरात, आणि १९१६ ची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही इथेच. उस्ताद फैयाज खाँ इथल्या दरबाराचे गायक होते. ऐकण्याची एवढी सवय असलेल्या गावाने चार वाद्यांच्या मैफलीत दोन वाद्ये कर्ण्यावर आणि दोन वाद्ये वाऱ्यावर सोडावीत याचे मला मनापासून दुःख होते. आयोजकांचा हेतू चांगलाच होता, त्यांनी असा कार्यक्रम आणला याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पण हेतू चांगला आहे म्हणून कलावंताची स्पष्ट विनंती बाजूला सारण्याचा अधिकार मिळत नाही.

वृत्तात आणखी एक विधान आहे की वादकांनी ‘जर्मनीचे राष्ट्रगीत सादर करून’ श्रोत्यांना चकित केले. वर सांगितलेली हायडनची धून ती हीच. हायडनने ती १७९७ मध्ये ऑस्ट्रियाच्या सम्राटाच्या गौरवगीतासाठी बांधली आणि मग या क्वार्टेटमध्ये वापरली. जर्मनीच्या राष्ट्रगीताचे शब्द तिच्यावर १८४१ मध्ये चढले, आणि ते गीत जर्मनीचे राष्ट्रगीत झाले १९२२ मध्ये, म्हणजे हायडनच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी. त्या संध्याकाळी कोणीही कोणाचे राष्ट्रगीत वाजवले नाही. कार्यक्रमपत्रिकेवर संगीतकाराचे आणि रचनेचे नाव छापलेले होते, आणि ती पत्रिका दारातच प्रत्येकाच्या हातात दिली जात होती.

नावांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. तुमच्या वृत्तात दीपप्रज्वलन करणाऱ्यांची नावे आहेत, शाल-श्रीफळ देणाऱ्यांची आहेत, प्रायोजकांची आहेत, आभारप्रदर्शन करणाऱ्या गृहस्थांचेही आहे. वादन केले त्या चौघांपैकी एकाचेही नाव नाही. हायडनचेही नाही. छायाचित्राखाली ‘व्हायोलिन वाजवताना कलाकार’ असे लिहिले आहे, आणि छायाचित्रात दिसतात त्या व्हायोला वाजवणाऱ्या बाई, ज्यांना सभागृहात ऐकू दिले नाही त्याच. पाहुण्या कलावंतांनी हा अंक सोबत नेला असेल तर त्यांना काय वाटले असेल, याचा कृपया विचार करावा.

माझी विनंती एवढीच आहे की येत्या रविवारच्या पुरवणीत चौघा वादकांची नावे, वाद्यांसह, आणि वाजवलेल्या रचनेचे नाव शुद्धिपत्र म्हणून छापावे. ध्वनिव्यवस्थेविषयीचे वाक्य मागे घ्यावे, कारण त्या वाक्याच्या आधारावर पुढच्या वेळीही हेच दोन माइक तिथे उभे राहतील. कार्यक्रमपत्रिका माझ्याजवळ जपून ठेवलेली आहे. आपल्या कार्यालयात कोणाला ती हवी असल्यास मी आणून देईन.

आपली नम्र,
एक जुनी वाचक
दांडिया बाजार, वडोदरा