टाकून दिलेला तुकडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या पुतणीच्या खालच्या जबड्यात मागच्या दाढांपाशी सूज आली, तेव्हा ती २३ वर्षांची होती. दुखत नसल्याने आम्ही घरच्यांनीही ते फारसे मनावर घेतले नाही. पुढे दाढ हलू लागली म्हणून ती काढली गेली, खड्ड्यातून निघालेला जेलीसारखा बुळबुळीत भाग तपासणीला न पाठवता टाकून देण्यात आला, आणि नंतर नुसत्या गोळ्या चालू राहिल्या. नऊ महिन्यांनी मिरजेत बायोप्सी झाली, तेव्हा ‘ओडोंटोजेनिक मिक्सोमा’ हे नाव आम्ही प्रथम ऐकले.

ही दुर्मीळ गाठ कर्करोगाची नव्हे आणि शरीरात इतरत्र पसरत नाही. परंतु तिला स्वतःचे आवरण नसल्यामुळे ती हाडाच्या पोकळ्यांत शिरत जाते, आणि म्हणूनच केवळ खरवडून काढल्यास बऱ्याच रुग्णांत पुन्हा उद्भवते. एक्स-रेमध्ये साबणाच्या फेसासारखी दिसणारी तिची आकृती अमेलोब्लास्टोमासारख्या इतर गाठींतही आढळत असल्याने निदान सूक्ष्मदर्शकाखालीच पक्के होते. ‘गाठीला सुई लावली की ती चिघळते’ ही आपल्याकडची समजूत येथे फार महागात पडते. डॉक्टर आधी सुई घालून पाहतात, ते गाठ रक्तवाहिन्यांची तर नाही ना याची खात्री करण्यासाठी, कारण तशा गाठीला छेद दिल्यास जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो.

पुतणीच्या जबड्याचा तेवढा भाग आजूबाजूच्या निरोगी हाडासह काढावा लागला आणि त्या जागी तिच्याच पायातील फिब्युला हे बारीक हाड रक्तवाहिन्यांसह बसवण्यात आले. पायाच्या हाडाने पोरगी आज भाकरी चावते, याचे घरात अजून नवल वाटते. तरीही तो पहिला तुकडा तपासला गेला असता, तर कदाचित एवढे हाड गमवावे लागले नसते.

सांगली जिल्ह्यातील दंतवैद्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, दाढेच्या खड्ड्यातून निघालेला कोणताही संशयास्पद भाग पाण्यात किंवा कोरडा न ठेवता फॉर्मेलिनच्या (नमुना टिकवणाऱ्या द्रावणाच्या) बाटलीत घालून पॅथॉलॉजीकडे पाठवावा. रुग्णांनीही रिपोर्ट मागून घ्यावा आणि पॅराफिन ब्लॉक (तपासलेला तुकडा मेणात बसवून केलेला ठोकळा) जपून ठेवावा, कारण गाठ काही वर्षांनी परतली तर जुन्या नमुन्याशी तुलना त्यावरूनच करता येते. आमच्या घरी तो ब्लॉक आता कागदपत्रांच्या कपाटात आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, विश्रामबाग, सांगली