टीबीच्या घराला डाळ-तांदूळ पण औषधासारखेच द्या

मा. संपादक,
नमस्कार. टीबीवर नवी औषधं आलीयत याचा खरंच आनंद आहे, साध्या गोळ्यांना दाद न देणाऱ्या टीबीला आधी दीड-दोन वर्षं गोळ्या, वर ती इंजेक्शनं ज्यांनी काहींचे कान कायमचे जायचे, आणि आता त्यातल्या बऱ्याच पेशंटचा कोर्स सहा महिन्यांत होतो. पण एक जुना उपायसुद्धा परत आलाय आणि त्याच्यावर कुणी फारसं बोलत नाही, तो म्हणजे पोटभर जेवण.

औषधं नव्हती तेव्हा सॅनेटोरियममध्ये, म्हणजे टीबीच्या खास दवाखान्यांत, सकस खाणं, आराम आणि मोकळी हवा हाच उपचार होता. मग १९५९ मध्ये मद्रासच्या अभ्यासातून दिसलं की गोळ्या नीट घेतल्या तर घरी राहून, साधंच खाऊनही पेशंट बरा होतो. फार मोठं काम होतं ते, गरिबाला वर्षभर घर सोडून पडून राहायची गरज उरली नाही. पण त्या नादात खाण्याचा विषय जो मागे पडला तो पडलाच.

झारखंडमध्ये राशन्स नावाचा अभ्यास झाला, २०२३ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलाय. पेशंटला तर सगळीकडेच धान्य दिलं, पण काही घरांत बाकीच्या माणसांनाही दर महिन्याला माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या, तर त्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्के कमी झालं!! आणि ज्या पेशंटचं वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्के वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्के कमी दिसला. डाळ-तांदळाने.

आपल्याकडे टीबीच्या पेशंटला खाण्यासाठी सरकारच्या निक्षय पोषण योजनेतून महिन्याला ५०० रुपये मिळायचे ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले, चांगलंच आहे. पण कमावता माणूसच आजारी पडला की ते हजार रुपये गॅस नि भाड्यात जातात, आणि कुठली आई पोरांना उपाशी ठेवून एकटी खाईल? घरच्यांच्या शिध्याचं म्हणाल तर ते निक्षय मित्रांवर, म्हणजे दात्यांवर सोडलंय, दाता मिळाला तर मिळाला.

राज्य सरकारला एवढंच सांगणं आहे, ज्या घरात टीबी निघाला त्या घराच्या रेशनकार्डावर कोर्स संपेपर्यंत सगळ्यांसाठी जादा धान्य, डाळ आणि तेल लावून द्या, आणि गोळ्या द्यायला बोलावता तेव्हा दर महिन्याला वजनही करा.

आपली एक वाचक, सोलापूर