रॅक भिंतीवरून सुटल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : अंबड, नाशिक येथील आमच्या वर्कशॉपमधील नेटवर्क रॅकची धोकादायक बसवणूक

महोदय,

तुमच्याकडून गेल्या महिन्यात बसवून घेतलेला ९ यूचा (यू हे रॅकच्या उंचीचे माप) रॅक, म्हणजे नेटवर्कची उपकरणे ठेवायचे भिंतीवरचे कपाट, सोमवारी सकाळी वरच्या बाजूने भिंतीपासून दोन बोटे सुटलेला दिसला. बरोबर त्याच्या खाली आमच्या हिशेबाच्या बाई बसतात. पोरांनी टेबलावर टेबल चढवून त्याला टेकू दिला आहे, बाई आता दाराजवळ बसतात.

फोनवर तुमच्या माणसाने सांगितले, "प्रेसच्या हादऱ्याने झाले असेल." साहेब, तुमचे तंत्रज्ञ पाहणीला आले तेव्हा आमचा पॉवर प्रेस (पत्रा दाबून आकार देणारे यंत्र) चालूच होता, आम्ही एकमेकांशी ओरडून बोलत होतो. हादरा त्यांना नवा नव्हता.

खरे कारण भिंतीत आहे. ऑफिसची भिंत एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांची. ड्रिल लावले की लाल भुकटीऐवजी पांढरा पीठासारखा चुरा पडतो, कोणताही मिस्त्री त्यावरून ओळखतो. अशा भिंतीत तुमच्या माणसांनी साध्या प्लास्टिकच्या गिट्ट्या ठोकल्या, त्यात स्क्रू पिळले. वर रॅकच्या डोक्यावर यूपीएस ठेवला. भंगारवाल्याच्या काट्यावर तो १३ किलो भरला. वजन भिंतीपासून जितके पुढे आणि जितके जास्त, तितके वरचे स्क्रू बाहेर ओढले जातात. सुटले तेही वरचेच. यूपीएस जमिनीवर ठेवायला जागा होती, मी तसे सुचवलेही होते. "वायर लांब पडेल," असे उत्तर मिळाले.

टेकू दिल्यावर दार उघडून आत पाहिले. नेटवर्कचा स्विच दोन्ही कानांवर (रॅकला अडकवायच्या बाजूच्या पट्ट्यांवर) एकेकाच स्क्रूने लटकलेला. दुसरा का नाही, हे मोजल्यावर कळले. १ यू म्हणजे ४४.४५ मिमी, त्यात तीन भोके, पण त्यांच्यातले अंतर सारखे नसते : १५.८७५, पुन्हा १५.८७५, मग १२.७. भलत्या भोकापासून सुरुवात केली की कानाची दुसरी खाच भोकासमोर येतच नाही. एक भोक सरकवून केज नट (रॅकच्या भोकात अडकवायचा नट) पुन्हा बसवण्याऐवजी तुमच्या माणसाने तो स्क्रूच सोडून दिला. कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर तर ट्रेशिवाय नुसत्या पुढच्या कानांवर टांगला आहे. स्विचचा एक कान आता वाकला आहे. रॅकची अर्थिंगची वायर वेटोळे करून आत तशीच पडली आहे, कुठेही जोडलेली नाही.

बिलात "बसवणूक व तपासणी" असे लिहून २,५०० रुपये लावले आहेत. तपासणी नेमकी कशाची केली, ते लेखी कळवावे.

रॅक भिंतीच्या आरपार बोल्ट टाकून, पलीकडून लोखंडी पट्टी देऊन बसवावा. यूपीएस खाली आणावा, रेकॉर्डरला ट्रे द्यावा, अर्थिंग जोडून माझ्यासमोर तपासावे. वाकलेल्या कानाचा स्विच बदलून मिळावा आणि २,५०० रुपये परत करावेत. माणूस पाठवताना भिंत ओळखणारा पाठवा, एवढी विनंती. आणि रविवारी पाठवा, त्या दिवशी प्रेस बंद असतो.

हे वर्कशॉप मी स्वतः चालवतो, त्यावरच घर चालते. सात दिवसांत काम झाले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे जाईन. टेकूचे, स्क्रूंचे आणि गिट्ट्यांचे फोटो सोबत जोडले आहेत. भिंतीतून निघालेल्या गिट्ट्या पाकिटात घालून ठेवल्या आहेत.

आपला,
एक ग्राहक, अंबड, नाशिक