तक्रार: नवीन प्रोसेसरने गर्दीत काहीच सुटं ऐकू येत नाही

प्रति,
कस्टमर केअर

नमस्कार, मी 9 वर्षं तुमचं कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून आत बसवलेलं ऐकायचं यंत्र, वापरतेय, उजव्या कानात. डावा कान पूर्ण गेलाय. जुन्या प्रोसेसरचे, म्हणजे आवाज पकडून आत पाठवणाऱ्या बाहेरच्या मशीनचे, पार्ट आता येत नाहीत असं तुमच्याच माणसाने सांगितलं म्हणून मार्चमध्ये एफडी मोडून नवीन घेतला.

घ्यायच्या आधी तुमच्या सेंटरला डेमो दिलात. बंद खोली, समोरच्या स्पीकरमधून वाक्यं आणि पाठीमागच्या स्पीकरमधून गोंगाट. मी जवळजवळ सगळी वाक्यं बरोबर सांगितली, मुलगा टाळ्या वाजवायचाच बाकी होता. आता कळतंय की प्रोसेसरला दोन माइक असले की असं होणारच, पुढचं घ्यायचं नि मागचं दाबायचं एवढंच त्याचं काम होतं. पण आमच्याकडे गोंगाट असा शहाण्यासारखा पाठीमागे उभा राहत नाही हो!

गेल्या महिन्यात भावाच्या नातवाचं बारसं झालं. हॉलमध्ये वीसेक बायका, आत्या बाळाच्या कानात वाकली, सगळ्यांनी तिच्या पाठीवर कुर्र्र केलं, मग तिने नाव मोठ्याने सांगितलं आणि मला काय ऐकू आलं तर नुसता कालवा, त्यात भांडी, त्यात पाळणा म्हणणाऱ्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणून मीपण वाजवल्या. बाळाचं नाव मी परत येताना रिक्षात सुनेला मोबाइलवर टाइप करायला लावून वाचलं.

मिक्सर, पंखा असले एकसुरी आवाज तुमचं मशीन छान दाबतं, ते मान्य. पण माणसांच्या बोलण्यात माणसाचं बोलणं मिसळलं की ते दाबणार कुणाला? आमच्या ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी कागदावर काढून दाखवलं, चांगल्या कानात आतले हेअर सेल, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशी, 3500च्या आसपास, माझ्याकडे त्यांच्या जागी नसेला करंट देणारे इलेक्ट्रोड 22, त्यातही करंट शेजारी पसरतो म्हणून खरे कामाला येतात ते 8 वगैरेच. शब्द पोचतो पण आवाजाचा बारीक सूर पोचत नाही, त्यामुळे हा जावेचा आवाज आणि हा सुनेचा असं वेगळं काढताच येत नाही. तुम्हा लोकांना मधे बोलणारा दुसरा माणूस श्वास घ्यायला थांबला की त्या फटीतून शब्द सापडतो, आम्हाला ती फटच सापडत नाही. हे तुमच्या इंजिनिअरना नक्की माहितेय, मग सेल्सवाल्याने "काकू, लग्नाच्या हॉलमध्येपण पूर्वीसारखं ऐकाल" हे कशाच्या जोरावर सांगितलं?

वरून तो ऑटो मोड. गर्दी वाटली की आपणहून फक्त समोरचं धरतो, शेजारी बसलेल्या वहिनीने तीनदा हाक मारली, पत्ता नाही, शेवटी तिने कोपराने ढोसलं. जुन्यावर बटण दाबलं की प्रोग्राम बदलायचा, यात सगळं अ‍ॅपवर, आणि ऑगस्टच्या अपडेटनंतर चारी बाजूंचं ऐकायचा पर्याय अ‍ॅपमधून गायब! वेगळे पैसे भरून घेतलेला क्लिपवाला माइक सुनेच्या पदराला लावला की तिचं स्वच्छ येतं, खोटं कशाला बोलू, पण वीस बायकांच्या पदराला कुठे लावत फिरू?

ईमेल केला तर उत्तर आलं, "हेल्पलाइनवर कॉल करा." अहो, तुमचे ग्राहक कोण आहेत? मुलाने केला कॉल, 25 मिनिटं म्युझिक ऐकवलंत.

तर तो पर्याय परत द्या, अ‍ॅपमध्ये जमत नसेल तर सेंटरला बोलवून प्रोसेसरमध्ये घालून द्या आणि त्यासाठीचं मॅपिंग, म्हणजे माझ्या कानाप्रमाणे सेटिंग, फुकट करा, चूक तुमच्या अपडेटची आहे. आणि यापुढे डेमोला चारी बाजूंनी चार माणसं बोलायला बसवा, मग गिऱ्हाईकाला ठरवू दे घ्यायचं की नाही. भाऊबीजेला सगळे माझ्याकडे जमणार आहेत, त्याआधी झालं पाहिजे. उत्तर ईमेलवरच द्या, कॉल नको.

तुमची 9 वर्षांची ग्राहक