सरन्यायाधीशांना दोन वर्षं तरी द्या

संपादक साहेब,

नवे सरन्यायाधीश आले की आमच्या खानापुरात चहाच्या गाडीवर म्हातारी माणसं पेपर उघडून एकच विचारतात, आता तरी सीमाप्रश्नाची केस बोर्डावर येणार काय? महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, आणि कुठली केस कुठल्या बेंचपुढं लावायची हे सरन्यायाधीशच ठरवतात, पण ६५ व्या वर्षी रिटायर व्हायचं म्हणून त्यांना वेळच मिळत नाही, लळीत साहेबांना तर २०२२ मध्ये फक्त ७४ दिवस मिळाले, एवढ्यात माणूस काय काय बघणार हो? यशवंतराव चंद्रचूड १९७८ ते १९८५ होते. तेवढं नको, पण घटनादुरुस्ती करून निदान दोन वर्षं फिक्स करा. निकाल कसाही लागू दे, सुनावणी तरी होऊ दे.

एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)