नुनावुतच्या घरांचा प्रश्न एकट्या गृहनिर्माण मंत्र्याला विचारून काय होणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कॅनडाच्या बातम्या म्हटलं की आपल्या पेपरात व्हिसा, स्टुडंट परमिट आणि टोरंटोची घरभाडी एवढंच येतं. वाचकांना तेच हवं असणार, मान्य. पण त्याच देशाच्या उत्तर टोकाला घरांची जी अवस्था आहे त्यावर एक ओळसुद्धा दिसत नाही म्हणून हे पत्र. मी कॅनडाच्या राजधानीत, ओटावात राहतो आणि नुनावुतच्या विधानसभेचं कामकाज ऑनलाइन बघायची मला सवय लागलीय (घरचे हसतात, हसू देत).

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, नुनावुत हा प्रदेश १ एप्रिल १९९९ ला वेगळा झाला, कॅनडाचा जवळपास पाचवा हिस्सा जमीन आणि माणसं २०२१ च्या जनगणनेत ३७ हजारांच्या आत, त्यातले बहुतेक इन्युइट, म्हणजे या बर्फाळ भागातले मूळ रहिवासी. २५ गावं आणि एका गावातून दुसऱ्या गावाला रस्ताच नाही. विधानसभेत २२ आमदार, पक्ष एकही नाही, सगळे अपक्ष निवडून येतात आणि मग आपसातूनच प्रीमियर (आपल्या मुख्यमंत्र्यासारखा) आणि मंत्री निवडतात, त्यामुळे पक्षांतर, फोडाफोडी, व्हिप ही भानगडच नाही. मंत्र्यांपेक्षा मंत्रिमंडळाबाहेर बसलेले आमदार जास्त, म्हणजे खरं तर मंत्र्याला घाम फुटायला पाहिजे.

आणि प्रश्न चांगले असतात हो. भाषणबाजी कमी. माझ्या गावात वेटिंग लिस्टवर इतकी कुटुंबं आहेत, यंदा किती घरं मिळणार, भिंतींना बुरशी धरलीय, दुरुस्तीला माणूस कधी येणार, असं थेट विचारतात, कितीदा तर इनुक्टिटुट या इन्युइटांच्या भाषेतूनच. मंत्री शांतपणे ऐकतो, आभार मानतो आणि मग ठरलेली कारणं येतात: सामान सीलिफ्टने (मालवाहू जहाजाने) येतं, कामगार मिळत नाहीत, ओटावाकडून, म्हणजे केंद्राकडून, पैसा कमी आलाय, नाहीतर माहिती घेऊन सांगतो.

यातलं एकही कारण खोटं नाही हे आधी सांगतो, नाहीतर कुणी म्हणेल इथे गरम घरात बसून टीका करणं सोपं आहे. लाकूड, खिळे, खिडक्या सगळं दक्षिणेतून जहाजाने जातं आणि जहाज फक्त बर्फ वितळल्यावरच्या थोड्या महिन्यांत जातं, ऑर्डर चुकली की एक वर्ष गेलं. जमीन खाली बारमाही गोठलेली, म्हणून घर खांबांवर उभं करायचं. वीज सगळीकडे डिझेलवर. बहुतेक गावांत पाणी ट्रकने येऊन घरातल्या टाकीत भरतं आणि सांडपाणी दुसरा ट्रक घेऊन जातो, म्हणजे चार माणसांच्या हिशोबाने केलेल्या घरात दहाजण राहिले की टाकी संपते, आणि बर्फाचं वादळ आलं की ट्रकच येत नाही. नुनावुतची राजधानी इकालुइटमधे २०२१ च्या ऑक्टोबरात नळाच्या पाण्यात इंधन मिसळलेलं सापडलं, डिसेंबरपर्यंत ते पाणी प्यायचं नाही असा आदेश होता, शेवटी सैन्य बोलवावं लागलं. ही राजधानीची गत.

माझं दुखणं वेगळं आहे. घरांचा प्रश्न गृहनिर्माण मंत्र्याला विचारला जातो, नर्सचा आरोग्य मंत्र्याला, शिक्षकाचा शिक्षण मंत्र्याला, आणि प्रत्येकजण आपापली फाइल उघडून उत्तर देतो. अहो पण हा एकच प्रश्न आहे! गावात डॉक्टर कायम नसतो, हेल्थ सेंटर नर्सेस चालवतात, नर्स दक्षिणेतून येते, तिला राहायला घर नाही म्हणून ती येत नाही, नर्सच नाहीत म्हणून काही गावांत हेल्थ सेंटर फक्त इमर्जन्सीपुरतं चालू ठेवायची वेळ आलेली आहे, मग पेशंटला विमानात बसवून ओटावा, विनिपेग नाहीतर एडमंटनला पाठवा. बाळंतपणाला आलेल्या बायका घरापासून दोन अडीच हजार किलोमीटरवर आठवडेच्या आठवडे बोर्डिंग होममधे थांबतात. तो सगळा खर्च आरोग्याच्या खात्यात पडतो आणि घरांच्या खात्यात पैसा नाही.

टीबीचं पण तेच. नुनावुतमधे निम्म्याहून जास्त इन्युइट लोक गर्दीच्या घरांत राहतात, काही ठिकाणी पाळ्या लावून झोपतात, आणि टीबीचं प्रमाण इतर कॅनडात जन्मलेल्यांच्या कितीतरी पट. २०१८ मधे केंद्राने जाहीर केलं की २०३० पर्यंत इन्युइट भागातून टीबी संपवू. गोळ्या देऊन? त्याच खोलीत परत पाठवून?

स्टाफ हाउसिंगवर तर वेगळं पत्र होईल. बाहेरून आलेल्या कर्मचाऱ्याला नोकरीबरोबर घर, आणि त्याच गावची शिकून शिक्षिका झालेली मुलगी आईबापांच्या भरलेल्या घरात, वर नोकरी लागली म्हणून सरकारी घराचं भाडं वाढणार कारण भाडं उत्पन्नावर ठरतं. असं असताना स्थानिक लोक नोकरीत का टिकत नाहीत म्हणून समित्या नेमायच्या.

२०२२ च्या ऑक्टोबरमधे सरकारने २०३० पर्यंत ३००० घरं बांधायची योजना आणली, इन्युइट मालकीच्या बांधकाम कंपनीला सोबत घेऊन. चांगलं पाऊल आहे, मी नावं ठेवत नाही. पण तेव्हापासून सगळी चर्चा नवीन किती यावरच अडकलीय आणि जुनी किती निकामी होतायत हे कुणी नीट विचारत नाही. जुन्या घरांचा इतिहास पण काही चांगला नाही, १९५० ते ६० च्या दशकांत इन्युइटांना फिरतं जीवन सोडून वस्त्यांत आणलं आणि एका खोलीच्या, लोक ज्यांना काडेपेटीच म्हणत, अशा घरांत कोंबलं. मग १९९३ मधे केंद्राने नवीन सामाजिक घरांना (कमी भाड्याच्या सरकारी घरांना) पैसे देणंच थांबवलं. जी आहेत त्यांच्या देखभालीचा केंद्राचा जुना निधी दरवर्षी घटत २०३८ च्या आसपास शून्यावर येणार आहे, म्हणजे ३००० घरं झाल्यावर जेमतेम आठ वर्षांत. प्रदेशाच्या बजेटचा बहुतांश पैसा ओटावाकडूनच येतो, मग तेव्हा घर गरम ठेवणारी भट्टी बिघडली तर दुरुस्त कोण करणार?

मला वाटतं एखाद्या आमदाराने एकच गाव घ्यावं आणि एकाच दिवशी घरं, आरोग्य आणि शिक्षण या तिन्ही खात्यांच्या मंत्र्यांना उभं करावं. या गावात या वर्षी किती कुटुंबांच्या हातात किल्ली पडली, किती घरं राहण्यालायक उरली नाहीत, किती नर्स आणि शिक्षकांच्या जागा फक्त घर नाही म्हणून रिकाम्या आहेत, आणि घर नसल्याने विमानावर किती खर्च झाला. लेखी उत्तर मागावं, पटलावर ठेवायला लावावं. पक्ष नसलेल्या सभागृहात हे अडवणार कोण?

जमलं तर यावर एखादा सविस्तर लेख छापा, व्हिसाच्या बातमीशेजारी चालेल.

आपला,
एक वाचक, ओटावा