सातव्या पावलापर्यंत पंगत थांबव

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, "आई, सात फेरे जरा लवकर उरकू, फोटोग्राफर दोन वाजता जायचाय." मी गप्प बसले, कारण बोलले असते तर वादच झाला असता. म्हणून लिहितेय.

पहिलं म्हणजे, सात फेरे आपल्याकडे नसतात. ते तू सिनेमात बघितलेस. लाजाहोमात सूनबाईचा भाऊ तिच्या ओंजळीत लाह्या घालेल, त्या अग्नीत पडतील आणि तुम्ही अग्नीला प्रदक्षिणा घालाल. (मेहुणा कान पिळेल तेव्हा ओरडू नकोस, पाकीट तयार ठेव.) सप्तपदी त्यानंतर. तांदळाच्या सात राशी मांडतात, तू तिचा हात धरायचास आणि तिने एकेका राशीवर उजवं पाऊल ठेवत पुढे जायचं. फेरा नाही, सरळ चाल.

प्रत्येक पावलाला एक मागणं आहे. अन्न, बळ, धन, सुख, संतती, सहावं ऋतूंसाठी. ऋतूंसाठी का, हे मला कुणी सांगितलं नाही. मी आपली समजूत करून घेतलीय की पुण्यातला एप्रिल आणि जुलै एकाच माणसाबरोबर काढायचे तर वेगळं मागणं हवंच. आणि सातवं, 'सखा सप्तपदी भव'. गंमत बघ, बायकोला म्हणताना शब्द 'सखी' नाही, 'सखा' आहे. पाणिनीचं सूत्रच आहे, 'साप्तपदीनं सख्यम्', सात पावलं बरोबर चाललं की मैत्री होते. म्हणजे ही चाल मैत्रीची, लग्नानं ती आपल्याकडे घेतली.

त्याच मंत्रात पुढे 'सा मामनुव्रता भव' येतं, तू माझ्या व्रतानं चाल. ते मला आवडत नाही, आणि पुष्कळ मुलगे मागणंही नाही. सदाशिव पेठेतल्या ज्ञानप्रबोधिनीच्या पुरोहित बाई अर्थ मराठीत सांगत विधी करतात, म्हणून मी त्यांचं नाव सुचवलं होतं. तुझ्या काकांनी "घराण्यातले गुरुजी" काढले. ठीक आहे. पण तू आधी जाऊन गुरुजींना विचार की ते वचन दोघांनी एकमेकांना म्हणायचं का.

आता माझी खरी तक्रार. अंतरपाट सरकला, अक्षता पडल्या, की सगळे म्हणतात 'लागलं लग्न', आणि चारशे माणसं मसालेभात, जिलबीच्या रांगेत. पण हिंदू विवाह कायदा, 1955, कलम 7 काय सांगतं? ज्यांच्या विधींत सप्तपदी आहे, त्यांचा विवाह सातव्या पावलाला पूर्ण आणि बंधनकारक होतो. म्हणजे नेमकं लग्न होतं तेव्हा मांडवात गुरुजी, दोन आज्या आणि सांडलेल्या लाह्या.

माझं तर त्याहून वाईट. चारला दुसऱ्या पार्टीला हॉल द्यायचा होता, व्यवस्थापक दारात उभा. गुरुजींनी घाई केली आणि पाचव्या-सहाव्या राशीवर माझं एकच पाऊल पडलं. अजून तुझ्या बाबांशी भांडण झालं की मी म्हणते, "आपलं सहाच पावलांचं आहे हो, विचार करा." ते हसतात, मग मीही. पण त्या दिवशी राहून गेलेलं पाऊल मला दिसतं, खरंच.

तेव्हा केटररला आत्ताच सांग, सप्तपदी झाल्याशिवाय पानं मांडायची नाहीत. माणसं अर्धा तास उपाशी राहिली तर काही मरत नाहीत, पुणेकर बोलतील, ते तसेही बोलतातच. फोटोग्राफरला तीनपर्यंत थांबव, पैसे मी देते. आणि तांदूळ कार्यालयाचे नकोत, मी घरून इंद्रायणी आणतेय, सात मुठी. राशींमधलं अंतर जास्त ठेवू नका, नऊवारीत मोठं पाऊल पडत नाही.

तुझी,
आई

ता. क. उपरणं इस्त्रीला दिलंय, येताना घेऊन ये.